तीसवर अडकलेला आकडा

सोमवार, ३ नोव्हेंबर

रोहिदासमामा आज पुन्हा भट्टीच्या दाराला तळवा लावून उभे. "ताई, आत कायतरी दाटलंय. दाराची काच हुंकारतीय."

मी दाबाचं गेज पाहिलं — तीस. बाहेरच्या हवेला हेच गेज हजार दाखवतं. तीस म्हणजे आत जवळजवळ काहीच नाही. दाटणार काय?

टायटॅनियमचं काम आल्यापासून हे चाललंय. हवा काढलेल्या भट्टीत माल भाजून झाला की तो थंड करायला आरगॉन वायू सोडायचा, गेजवर आठशे दिसले की बंद. मामा तीसवरच बंद करतात. दुसरा ऑपरेटर विश्वजीत म्हणतो, "मामा, आत भूत असंल तर त्याला हेल्मेट द्या."

मंगळवार, ४ नोव्हेंबर

गेज काढून टेबलावर तपासलं. तीनदा. पंपाने पोकळी केली — बरोबर. हवा सोडली — हजार, बरोबर.

साहेबांनी लेखी मागितलं. लिहिलं — गेज निर्दोष, ऑपरेटरला भास. लिहिताना आप्पा आठवले. माझ्या वडिलांनाही शेवटी भिंतीतून पाणी वाहताना ऐकू यायचं. वाटलं, मी हे ओळखते.

बुधवार, ५ नोव्हेंबर

मामांना सक्तीच्या रजेवर पाठवलं, डॉक्टरांना दाखवायला माझी चिठ्ठी देऊन. दौंडला, घरी. जाताना म्हणाले, "तुम्ही म्हंताय म्हंजी तसंच असंल."

शनिवार, ८ नोव्हेंबर

मामांच्या जागी आता विश्वजीत. अकराच्या सुमारास हाक मारली — "मॅडम, व्हॉल्व्ह पुरा उघडलाय. आकडा तीसच्या वर जाईना."

कुणी बघत नाही असं पाहून मीही दाराला तळवा लावला. दार थरथरत होतं. आतून कुणी खांदा लावून ढकलावं तसं. आकडा शांत — तीस.

व्हॉल्व्ह मीच बंद केला.

रविवार, ९ नोव्हेंबर

गेज पुन्हा टेबलावर. शेजारी साधं, स्प्रिंगचं डायल गेज. या वेळी हवेऐवजी आरगॉन. डायल हजारला पोचलं. आमचं — तीस. आणखी सोडला. डायल बाराशे. तीस.

या गेजमध्ये एक तापलेली तार असते. भोवतीचा वायू तिची उष्णता किती ओढून नेतो, त्यावरून गेज दाब सांगतं. आरगॉन हवेपेक्षा फार कमी नेतो. तार तापलेलीच राहते, आणि गच्च भरलेल्या भट्टीला गेज रिकामी म्हणतं.

मी तीनदा तपासलं. तिन्ही वेळा हवेवर.

मामा बंद करत होते तेव्हा भट्टी भरलेलीच असायची. माल वेळेत थंड व्हायचा, रोज. हे मला एकदाही खटकलं नाही.

सोमवार, १० नोव्हेंबर

मामांना फोन केला. सगळं सांगितलं, माफी मागितली. मग —

"मंग त्या भास थांबायच्या गोळ्या सोडू का ताई? तुमची चिठ्ठी वाचून डॉक्टरनी दिल्यात. सकाळी घरामागनं रेल्वेची गाडी गेली. बायको म्हनली, गेली. मला न्हाई ऐकू आली."