बस थांबवून दाखवलेला मासा

अप्पा, काल वर्गात उत्क्रांतीचा धडा चालू असताना एका मुलीने विचारलं, "मिस, हे परीक्षेत खरं म्हणून लिहिलं, तर संध्याकाळी कोविलात देवापुढे दिवा लावायला जाऊ की नको?" सगळा वर्ग हसला. ती हसत नव्हती. दहावीत असताना मीही तुम्हाला हेच विचारलं होतं, तिच्याइतक्या नम्रपणे नव्हे.

तुम्ही शाळेत प्राणिशास्त्र शिकवायचात आणि घरी पूजेआधी पाण्याचा घोटही घेत नव्हतात. त्या सकाळी तुम्ही गंध उगाळत होतात. मी म्हटलं, "शाळेत एक, घरी एक. यातलं खोटं कुठलं?" स्वयंपाकघरातून आई ओरडली, "अप्पांशी असं बोलतात?" तुम्ही शांतपणे पूजा पुरी केलीत, कमरेची वेष्टी सावरलीत, मोपेडची चावी घेतलीत. "चल."

तिरुवैयारूच्या वाटेवर, कालव्याकाठी आपण थांबतो. पावसाने भातखाचरं तुडुंब भरलेली. डांबरावरून हाताच्या पंजाएवढे मासे चाललेत. पनैयेरी म्हणतात त्यांना. कल्ल्यांच्या झाकणांवरचे काटे रोवत, अंग झटकत, या शेतातून त्या शेतात. तेवढ्यात गावची बस येते आणि तुम्ही रस्त्याच्या मधोमध दोन्ही हात पसरून उभे राहता. ड्रायव्हर हॉर्नवरचा हात काढत नाही. "सार, माशांसाठी बस थांबवताय?"

"दोनच मिनिटं," तुम्ही म्हणता. "फार लांबून आलेत ते."

खिडक्यांतून डोकी बाहेर येतात, कुणी हसतं, कुणी मोजायला लागतं. शेवटी ड्रायव्हरच इंजिन बंद करून उतरतो आणि मागे राहिलेला एक मासा उचलून पलीकडच्या पाण्यात सोडतो.

बस गेल्यावर तुम्ही म्हणालात, "पाण्यातल्या जिवाला हवा घ्यायला शिकायचं तर किती पिढ्या गेल्या असतील! देवाने हा एका दिवसात केला असता, तर मी नुसते हात जोडले असते. इतका धीर धरून केला, म्हणून साष्टांग नमस्कार घालतो. तुला घालायचा नसेल तर घालू नकोस. पण धडा अर्धा शिकू नकोस."

काल मी हे सगळं त्या मुलीला सांगितलं. "दिवा लावायचा की नाही ते तू ठरव," म्हटलं, "पण लावलास तर हे सगळं समजून लाव." ती म्हणाली, "मिस, तुमचे अप्पा आम्हाला शिकवायला हवे होते." मी फळ्याकडे वळले आणि उगीचच तारीख पुसून पुन्हा लिहिली. ऊर भरून आला होता अप्पा, दुसरं काय.

हे पत्र कुठेच जाणार नाही, म्हणून एक कबूल करते. ही हकीकत मी दर वर्षी नव्या वर्गाला सांगते, आणि माझ्या सांगण्यात मी तुमच्या शेजारी हात पसरून उभी असते. खरं तुम्हाला ठाऊक आहे. बसमध्ये माझ्या वर्गातल्या मुली होत्या, आणि मी नारळाच्या खोडामागे तोंड लपवून उभी होते. घरी येईपर्यंत तुम्ही त्याबद्दल चकार शब्द काढला नाहीत.