रुईच्या झाडाशी लागलेले लग्न

मी निवृत्ती सोनाजी पाचपोर, राहणार मलकापूर, धंदा पिठाची गिरणी, पूर्ण शुद्धीत हे मृत्युपत्र लिहितो. आज माझ्यावर कुणाचा धाक नाही. धाक आहे तो मी मेल्यानंतरचा.

१. गिरणी, तिच्यामागचे घर आणि पोस्टातली शिल्लक बनाबाई किसन गवई, मूळ डोणगाव, हिला द्यावी. तिच्यामागे मुलगी विमल हिला. विमल माझ्या रक्ताची नाही. तिच्या बापाने बनाबाईशी लग्न तर केलेच नाही, पोरीला नावही दिले नाही. शाळेत माझे नाव आहे, ते राहावे.

२. बनाबाईला इथे पत्नी लिहीत नाही. वकिलांनी हात धरला, "पुतण्या लग्नाचा पुरावा मागेल." पुरावा नाही. ती लेकुरवाळी, म्हणून भावकीने विधवेसारखा पाट ठरवला, अंधार पडल्यावर लावायचा. मी बिनलग्नाचा, आणि बिनलग्नाच्याला थेट पाट लागत नाही, म्हणून रीतीप्रमाणे सकाळी हळद लावून माझे लग्न आधी रुईच्या झाडाशी लावले. गाव जेवले. संध्याकाळी तिचे वडील उठले, "माही पोरगी इधवा हाय का? अंधारात काऊन नेता? आमी आता बौद्ध, आमच्यात दिवसाउजेडी लगन लागते."

माझा थोरला भाऊ म्हणाला, "लेकरू घेऊन येनाऱ्या बाईले मांडव नाई भेटत," आणि जीव देतो म्हणून विहिरीवर जाऊन बसला. लग्न राहिले. पुढे बनाबाई विमलला कडेवर घेऊन आपणहून आली. म्हणाली, "तुमच्या बायकोले पानी कोन घालते? सुकून राह्यली ना." तेव्हापासूनचा संसार. जातीच्या लेखी मात्र माझी बायको रुईच.

३. पुतण्या शेषराव. गिरणीच्या घरघरीने मी बहिरा झालो असे समजून लोक माझ्यासमोरच मोठ्याने बोलतात. परवा तो दोस्ताला सांगत होता, "काका गेला का त्याच दिवशी बाईले पोरीसकट बाहीर काढतो. ठेवलेलीले कायचा हक बे?" दळण त्याचेच होते. बारीक दळून दिले. आता दार वाजले की छातीत चमक येते.

शेषराव, परसातली रुई तुला. तुझी जातमान्य काकू आहे, सांभाळ.

४. मला नेल्यावर शेजारीण जनकाबाईने बनाबाईजवळ बसावे आणि आतून कडी लावावी. स्मशानातून शेषराव सगळ्यांच्या आधी परतेल.

५. बुलढाण्याला रजिस्टर लग्नाची नोटीस दिली आहे. ती महिनाभर कचेरीच्या फळ्यावर राहते, मगच लग्न लागते. डॉक्टर छातीला नळी लावतात आणि काही बोलत नाहीत. ते न बोलणेही मला ऐकू येते. महिना निघाला तर हा कागद फाडून नवा लिहीन. वाटणी हीच राहील. फक्त बनाबाईच्या नावाआधी 'माझी पत्नी' असेल.

मलकापूर, ता. १८ नोव्हेंबर १९६६
सही : निवृत्ती सोनाजी पाचपोर

आमच्यादेखत सही झाली :
पंजाबराव त्र्यंबक ढोले, शिक्षक
जनकाबाई मोतीराम सुरडकर, डाव्या हाताचा अंगठा