डावी पाकळी

बाबा, तुम्ही गेल्यापासून तुमच्याशी बोलायचं ते मी देवळातच बोलतो. सकाळी देवाला आंघोळ घालताना, मनातल्या मनात. आज जे सांगायचं आहे ते मात्र देवासमोर उभं राहून बोलता येत नाही. म्हणून दुपारी देऊळ बंद करून पडवीत बसलो आहे आणि लिहितो आहे. कणकवलीहून ताईचा फोन आला होता. रविवारी येते म्हणाली. पण नुसती येणार नाही. तिला होडीत बसायचं आहे, माझ्याबरोबर, आणि वल्हं माझ्या हातात हवं आहे.

तुम्ही पूल पाहिला नाहीत. आता एस.टी. खाडीवरून सरळ पलीकडे जाते आणि पोरं खिडकीतून खाली बघतही नाहीत. ऐंशी सालानंतरच्या त्या वर्षांत पलीकडे जायला उतारूंची एकच होडी होती, तिला तर म्हणायचे, आणि ती चालवणारा म्हातारा तारी. आपल्या गावची शाळा सातवीपर्यंत, हायस्कूल पलीकडच्या काठावर. तारीचे गुडघे गेले आणि तर बंद पडली तेव्हा ताई सातवी पास होऊन घरात बसली होती. सातवीनंतर मीही तसाच घरात बसणार होतो. हे तुम्हाला माहीत होतं. माहीत नव्हतं ते एवढंच, की आम्ही दोघं फार लहानपणापासून तरीवर काम करायचं ठरवून बसलो होतो. वाळूत होडी काढायची, ती सुकाणूकडे बसणार, मी वल्हवणार, माडाच्या झावळ्या म्हणजे उतारू. हायस्कूलचं निमित्त पुढे मिळालं, पण ओढ आधीची होती.

तारीची होडी माडाखाली पालथी पडलेली. ताई त्याच्या खळ्यात, घरापुढच्या अंगणात, जाऊन उभी राहिली आणि सरळ म्हणाली, "आजोबा, होडी आमका देवा. आमी तर चालवतंव." म्हातारा इतका हसला की त्याला खोकला लागला. "गुरवाची पोरां तर चालवतली? मगे देवळात घंटा कोण वाजयतलो, मी?" ताई मागे हटली नाही. "वाजवा. तुमका बसान तरी वाजवूक येयत." मग त्यानेच आम्हाला फटीत कापूस ठासायला आणि वरून राळ लावायला शिकवलं. सगळी सुट्टी आम्ही त्या माडाखाली काढली. हाताचा राळेचा वास जेवतानाही जाईना. आई म्हणायची, "ह्या हातान भाकरेक शिवा नको, भायर जावन राखेन घासून येवा." होडी पाण्यात घालायची वेळ आली तेव्हा तारीच म्हणाला, "आता बापाशीक इचारा."

तुम्ही नाही म्हणाला नाहीत. हो पण म्हणाला नाहीत. म्हणालात, "देवाक इचारूया." आपल्या घरात गुरवाने स्वतःच्या घरासाठी कौल लावायचा नाही, चुलत काकांना बोलवायचं, अशी रीत. त्या दिवशी तुम्ही काकांना बोलावलं नाहीत. मला आजही ते दिसतं आहे. गाभाऱ्यात समईचा उजेड, ओला काळा पाषाण, तुम्ही पाठमोरे, देवाच्या दोन्ही खांद्यांवर एकेक पाकळी लावता आहात. आम्ही उंबऱ्याबाहेर हात जोडून उभे. तुम्ही गाऱ्हाणं घालता: "बा म्हाराजा, ही माजी पोरां तुज्या दाराकडे उबी आसत. तरीचा काम ह्येंच्या हातान व्हवचा असात तर उजवी दी. नसात तर डावी दी, आणि ह्येंका घरात सुखान ठेव." ताईचे डोळे उजव्या पाकळीवर. तिच्या ओठांची हालचाल होते आहे, आवाज नाही. आणि डावी पाकळी गळून पडते.

पडलेली पाकळी मी उचलली. तुम्ही ती माझ्या हातातून जवळजवळ ओढूनच घेतलीत. तुम्ही माझ्यावर असे कधी रागावला नव्हता. "शिवा नको तेका!" घरी आल्यावर ताई चुलीपाशी बसून म्हणाली, "बाबा, परत एकदा लावा. काकांका बोलवा आणि लावा." तुम्ही पेजेचं ताट तसंच सरकवलंत. "एकदा इचारला ता इचारला. देव म्हणजे काय बाजारातलो दुकानदार, परत परत भाव करूक?" ती उठून मागच्या दाराने गेली. तुम्ही न जेवताच हात धुतलात. मला वाटलं, रागाने.

त्यानंतर ताई घरातच वाढली. तिच्या लग्नाचा कौल काकांनी लावला, तो लगेच उजवा पडला, तेव्हा ती मला म्हणाली, "बघ रे, हेका कसो पटकन उजवो पडता." मी सातवीनंतर तुमच्या हाताखाली आलो. तुम्ही शिकवलंत ते सगळं मी धरून ठेवलं. पाकळी नुसत्या पाण्याने लावायची. तिला गंध लावायचं नाही, गंध लावलं की ती पाषाणाला चिकटते आणि दुपारपर्यंत हलत नाही, मग तो कौल देवाचा नाही, गुरवाचा. हे मी कितीतरी वर्षं म्हणत आलो, आणि मला काही दिसलं नाही.

मग एकदा एक म्हातारी आली. मुलगा आखातात जायला निघालेला, आणि तिला तो जायला नको होता. इतकी रडत होती की डावी पाकळी लवकर पडावी असं मलाच वाटू लागलं. उजवी लावताना माझा अंगठा आपोआप गंधाच्या वाटीकडे गेला. तिथेच थांबलो. आणि मला तुमची ती पाकळी आठवली. मी उचलली तेव्हा तिच्या पाठीवर पिवळं गंध होतं, बाबा. चांगलं जाड, अंगठ्याने दाबून लावलेलं.

म्हणजे डावी पडू नये अशी तजवीज तुम्ही केली होती. काकांना म्हणूनच बोलावलं नाहीत. आयुष्यात एकदा तुम्ही देवाला फसवायला निघालात, ते आमच्यासाठी. आणि गंध लावलेली पाकळी पडली. इतकी वर्षं मी समजत होतो की तुम्ही आमच्या वाटेत उभे राहिलात. तुम्ही तर आमच्याच बाजूला उभे होता, आणि आमच्यापेक्षा जास्त घाबरला होता. साध्या पाण्याची पाकळी पडली असती तर वारा म्हणता आलं असतं. ही पडली ती कशाने पडली म्हणणार? तुम्ही ते कोणाला सांगू शकला नाहीत, आणि त्याच गाभाऱ्यात रोज सकाळी जात राहिलात. आता मी जातो. तो नकाराचा कौल अजून कोणी उठवलेला नाही. खाडीच्या काठावर राहून मी त्यानंतर होडीत पाय ठेवलेला नाही. पूल होईपर्यंत पलीकडच्या लग्नांनासुद्धा गेलो नाही, दरवेळी देवळाची कारणं सांगितली.

ताईचा फोन आला तेव्हा हे मी तिला सांगितलं. गंधाचं सगळं. पलीकडे तिने नाक ओढलं. "बाबांनी गंध लावलेला?" तिने पुन्हा विचारलं. मी हो म्हटलं. "तर मगे माका बाबांचो कौल उजवो मिळालो," ती म्हणाली. "देवाचो तुजो तू बघ. मी रविवारी येतंय. बंदरावर होडी भाड्यान मिळता. आणि माका न सांगता कौल लावूक जाव नको हां, गुरवा!"

मी तिच्यासारखं म्हणू शकत नाही. माझा देव आणि माझे बाबा असे वेगळे होत नाहीत. आज सकाळी फुलं काढताना दोन पाकळ्या कौलासाठी बाजूला ठेवल्या होत्या. मग त्या इतर फुलांबरोबर वाहून टाकल्या. हा कागदही मी संध्याकाळच्या धुनीत घालणार आहे.

घरात सांगितलं आहे की ताई देवदर्शनाला येते. होडीचं मी अजून कोणाला सांगितलेलं नाही, देवालासुद्धा नाही.