तीसपैकी एकोणीस

३ नोव्हेंबर २०२५, सकाळी ११.२०
कोप्पीकर रोडवरच्या दवाखान्यात माझ्यावर अन्याय झाला. ज्येष्ठांच्या स्मरणशक्तीवर संशोधन चालू आहे. त्यांना ठणठणीत माणसं हवी होती, म्हणून केवळ उपकार करायला गेले. तीसपैकी एकोणीस! शेजारच्या हेमावतीअक्कांना सत्तावीस. आमटीत दोनदा मीठ घालणारी बाई!

तोच दिवस, दुपारी
कारण सापडलं. परीक्षा कन्नडमध्ये होती. मी भाजीवाल्याशी भांडते कन्नडमध्ये, देवाशी बोलते मराठीत आणि वजाबाकी करते कॉन्व्हेंटच्या नन्सनी शिकवली तशी, इंग्रजीत. शंभरातून सात-सात कन्नडमध्ये वजा करायला लावलं, तर मोजलं काय? कन्नड! जन्मभर गणिताचे पेपर काढलेत. मला शिकवू नये.

५ नोव्हेंबर
श्रीहर्षचा पुण्याहून फोन. पोराला निकाल आधीच ठाऊक. अक्कांचं तोंड! म्हणे, आई, विद्यानगरचं घर बंद कर आणि आमच्याकडे ये, दूध दोनदा जळलं म्हणे. तो गॅसच्या बटणाचा दोष आहे. मी अट घातली: परीक्षा पुन्हा देते, पंचवीसच्या वर गेले तर हा विषय कायमचा बंद. कबूल झाला. फसला बिचारा.

८ नोव्हेंबर
भाषेचा मुद्दा बरोबर आहे, असं दवाखान्यातल्या डॉक्टर दीपश्री स्वतः म्हणाल्या. सतराला इंग्रजीत घेणार. तयारी सुरू. लक्षात ठेवायचे पाच शब्द: बटाटा, शाल, विहीर, पिवळा, देऊळ. मला आठवत होतेच. फक्त खात्री म्हणून अक्कांना विचारले. पाचही.

१२ नोव्हेंबर
मीच परीक्षा घेते, मीच तपासते. रोज तीसपैकी तीस. दीपश्रींना फोनवर कळवलं. म्हणाल्या, आजी, वजनकाट्याने रोज तोच आकडा दाखवला म्हणून त्यावरून उंची कळत नाही. तुम्ही पाठांतर मोजताय.
आजी म्हणे! आणि उंचीचा इथे काय संबंध?

१७ नोव्हेंबर
घड्याळ झकास काढलं. सुरुवातीला त्यांनी काही शब्द वाचले खरे, पण मला पाठ असल्याने ऐकायची गरज नव्हती. विचारताच खाडखाड म्हटलं: पोटॅटो, शॉल, वेल, यलो, टेम्पल. दीपश्री हळूच म्हणाल्या, आजचे शब्द वेगळे होते.
मग मागच्या वेळचे आठवले, हे जास्त कठीण नाही? त्याला मार्कच नाहीत! अठरा.
या वेळी भाषा तुमचीच होती, असं म्हणून त्यांनी माझा हात धरला. परीक्षकाने हात धरणं नियमात बसत नाही.

१९ नोव्हेंबर
अक्का आल्या आणि रडत बसल्या. म्हणाल्या, जाऊ नका हो, दूध मी रोज बघून जाईन. मी सुनावलं, रडता कशाला? मी अपील करतेय. चहा करायचा राहूनच गेला.

२० नोव्हेंबर
डॉक्टरांना पाठवायचा मजकूर, कच्चा:
आपली परीक्षा नेमकं काय मोजते? शब्द विसरणारी बाई स्वतःच्या घरात राहू शकते की नाही, हे ती मोजते का? मोजत असल्यास पुरावा द्यावा. नसल्यास तसं माझ्या मुलाच्या नावे लिहून द्यावं. लेखी उत्तर उद्या, शुक्रवारी, सायंकाळी पाचच्या आत विद्यानगरच्या पत्त्यावर मिळावं. शनिवारी पाठवून उपयोग नाही. श्रीहर्ष सकाळीच सामानाची गाडी घेऊन येतोय.