पाहुण्यांसाठी शेंगदाण्याच्या गोळ्या

गोरेगाव, मार्गशीर्ष, शके १८६८. गुरुवार, दिवेलागण.

ह्यांनी हैद्राबादहून चॉकलेटची लादी आणली. "पाहुणे येणार आहेत, शेंगदाण्याच्या गोळ्या कर," एवढंच म्हणाले. मी पाट्यावर दाणे वाटले, पार तेल सुटून लोणी होईपर्यंत. गूळ घालून गोळ्या वळल्या, वितळलेल्या चॉकलेटात बुडवू लागले. पहिली ह्यांनी चाखली आणि हसले. मी खूश! किती वेडी मी.

हे बाहेर गेल्यावर सासूबाईंना विचारलं, "पाहुणे कुठले?"

"पुसेगावचे. पोरगी द्यायला येऊन राहिले. तुला लेकरू न्हाई, मंग त्यानं दुसरी काहून करू नये?"

बोटं गरम चॉकलेटातच राहिली. ह्यांनी स्वतः का नाही सांगितलं? हे सगळं ठाऊक असूनही हसले? ते हसणं डोळ्यांपुढून जातच नाही.

पाहुण्यांना गोळ्या फार आवडल्या. "कुणी केल्या?" मुलीच्या वडिलांनी विचारलं. मी दाराआड उभी होते. वाटलं, 'हिनं केल्या' म्हणतील. एवढं तरी...

"घरीच केल्या," हे म्हणाले.

मग सासूबाई आत आल्या. उरलेल्या गोळ्या त्या मुलीसाठी बांधून दे म्हणाल्या.

दिल्या बांधून.