सातव्या संघातून

ती. आई,

तुझ्या पायांना इथूनच हात लावतो.

बास्केटबॉलच्या या सातव्या संघाने मला दोन वर्षांसाठी घेतलं आहे. पहिल्यांदाच बॅग रिकामी करून कपडे कपाटात लावले. "विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर," म्हणून बाबा चिडवायचे. त्यांना हे कपाट दाखवायचं राहिलं.

गुडघा बरा आहे. बर्फ फक्त सामन्यानंतर लावतो.

काल जिंकल्यावर सवयीने बाबांच्याच नंबरवर फोन लावला. ते आता नाहीत हे आठवून फोन ठेवणार, तेवढ्यात तू उचललास आणि त्यांच्यासारखंच विचारलंस, "किती गुण केलेस?" मला बोलवेना, म्हणून लिहितो. अकरा केले.

गोळ्या वेळेवर घेतेस ना? शनिवारी पुन्हा सामना आहे. त्यांचा फोन चार्ज करून ठेव.

तुझा,
धाकटा