नववी बैठक

मात्सुए, ३ ऑक्टोबर

चि. सौ. किनुकोस अ. आ.

सुकी मासळी पोचली. इकडे सर्व ठीक, एक गोष्ट सोडून.

कला-उपचारकाच्या प्रशिक्षणात माझा शेवटचा रुग्ण हिरानो-सान. निवृत्त पोस्टमन, इथल्या वृद्धाश्रमात राहतात. अर्धांगाच्या झटक्याने उजवा हात गेला, डाव्याने चित्रं काढतात. त्यांच्याबरोबर बारा बैठका झाल्या की मार्चमध्ये प्रमाणपत्र. काल नवव्या बैठकीत त्यांनी होडी काढली. रेघ लुळी होती. चाळीस वर्षं सुलेखन शिकवत आलेला माझा हात तांबड्या शाईकडे गेला आणि मी ती रेघ वरून दुरुस्त केली. त्यांनी कुंचला ठेवला, खुर्ची भिंतीकडे फिरवली.

आमच्या मार्गदर्शक त्सुजीबाई माझ्या विद्यार्थिनींच्या वयाच्या. म्हणाल्या, इथे कुणाचं चित्र सुधारायचं नसतं. मला ठाऊक आहे. लेखी परीक्षेत मी तेच लिहून पैकीच्या पैकी मिळवले होते.

लोभ ठेव.
तोमोए

हागी, १० ऑक्टोबर

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

हसू आवरत नाही. लग्नाआधी ह्यांनी मला लिहिलेलं पत्र तू तांबड्या शाईने तपासलं होतंस! हे अजून पाहुण्यांना सांगतात.

परीक्षकांना द्यायच्या अहवालात त्या दिवसापुढे फक्त 'होडी काढली' एवढं लिही. कोण विचारतंय? त्रेसष्टाव्या वर्षी आणखी एक वर्ष कशाला घालवतेस? आणि हिरानो-सानची माफी माग. तुला जमायचं नाही, तरी माग.

धाकटीवर माया असू द्यावी.
किनुको

मात्सुए, २२ नोव्हेंबर

चि. सौ. किनुकोस अ. आ.

माफी मागितली. हिरानो-सान म्हणाले की बाई, मी आयुष्यभर लोकांची पत्रं वाटली. काहींचे पत्ते कोंबडीने खरडल्यासारखे असायचे. एकाचंही अक्षर सुधारलं नाही, पत्र नेऊन पोचवलं.

त्यानंतरच्या आठवड्यापासून ते पुन्हा बैठकीला येऊ लागले. बारा बैठका पुऱ्या झाल्या. अहवालात नववी बैठक झाली तशी लिहिली आहे. रागावू नकोस.

तोमोए

मात्सुए, १८ मार्च

चि. सौ. किनुकोस अ. आ.

परीक्षक मंडळाने नवव्या बैठकीवर बोट ठेवून यंदा प्रमाणपत्र नाकारलं. नवा रुग्ण, नव्या बारा बैठका, मग पुन्हा अर्ज. रडायला इकडे येऊ नकोस, मी कामात आहे.

हिरानो-सानबरोबरच्या माझ्या बैठका कधीच संपल्या. तरी गुरुवारी त्यांनी आपल्या शेजारी माझ्यासाठी खुर्ची ओढून ठेवली. तासभर ते रंगवत होते. मी हात मांडीवर ठेवून बसले. काय काढताय, हेही विचारलं नाही. झाल्यावर कागद घेऊन ते आपल्या खोलीत गेले.

हा तास कुठे नोंदवायचा नाही, म्हणून तुला कळवला.

आहे तो लोभ टिकव.
तोमोए